कान काढ, एमेराँस

रोमुआल बुजोल गायचा आणि मी त्याच्या डाव्या हाताला अकॉर्डियन घेऊन उभी असायचे. एक्क्याऐंशी सालापर्यंत अशी एकोणीस वर्षं झाली होती. लोक त्याच्याकडे बघत, माझ्याकडे कुणी बघत नसे, आणि मला ते बरंच वाटायचं. वाजवणाऱ्या माणसाला समोरच्या गर्दीतले चेहरे निवांत बघता येतात. त्यामुळे त्या रविवारी लान्स-ओ-सांद्रच्या हॉलमध्ये काय झालं ते सगळ्यांत नीट मीच पाहिलं.

रोमुआल त्याच गावचा. गास्पेच्या किनाऱ्यावरची तीस-पस्तीस घरं, एक चर्च, कॉड मासे वाळवायच्या फळ्या आणि वारा. एकोणिसाव्या वर्षी तो घर सोडून मॉन्ट्रियलला आला, गोदीत पोती उतरवू लागला आणि संध्याकाळी गिटार घेऊन छोट्या कॉफीघरांत गाऊ लागला. गाणी स्वतःच लिहायचा. विषय गावचेच. चुलत्याची फुटकी होडी, पाद्रीबुवांची म्हातारी घोडी, असलं काही. शहरातली माणसंसुद्धा मूळची कुठल्या ना कुठल्या गावचीच, त्यांना ते आवडायचं. मी त्याला भेटले ती बासष्ट साली. मी तेव्हा लग्नांत अकॉर्डियन वाजवत होते. त्याने मला ऐकलं आणि म्हणाला, "युगेत, तू माझ्याबरोबर चल. पैसे कमी मिळतील, पण नवरीच्या काकाबरोबर नाचावं लागणार नाही."

त्रेसष्टमध्ये त्याने 'एमेराँस' लिहिलं.

आमच्याकडे कुणाला ते गाणं येत नाही असं नाही. गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसणारी एक अविवाहित बाई सगळ्यांचं बोलणं चोरून ऐकते. कुणाची गाय आटली, कुणाची सोयरीक मोडली, सगळं तिला आधी कळतं. प्रेमिकांचं बोलणं ऐकताना तिचा श्वास जोरात येतो आणि ती पकडली जाते. मग धृपद:

कान काढ, एमेराँस, कान काढ तारेवरून,
दोघांचं बोलणं चाललंय, तिसरी तू कुठून?

धृपदाच्या आधी मी अकॉर्डियनवर फोनची घंटी वाजवायचे. ट्रिंग-ट्रिंग, मग थोडं थांबून एक लांब उसासा. ती युक्ती माझी. पहिल्यांदा वाजवली तेव्हा रोमुआल हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात होता.

"ती खरीच आहे का रे कुणी?" मी त्याला विचारलं होतं.

"आहे की. एमेराँस दुगे. फोनवर बसते गावात."

"मग नाव बदल ना."

"किती नावं घालून पाहिली, चालीत बसत नाहीत. आणि तिला काय होतंय? नाव होईल बाईचं."

नाव झालंच. रेकॉर्ड निघाली, टीव्हीवर बोलावणं आलं, ब्रसेल्सला आणि पॅरिसला जाऊन आलो. नाताळात, लग्नांत, बर्फावरच्या हॉकीच्या मॅचमध्ये लोक ते ओरडून म्हणायचे. पुढे रोमुआलने याहून कितीतरी चांगली गाणी लिहिली. ती ऐकताना लोक शहाण्यासारखे गप्प बसत आणि संपली की ओरडत, "एमेराँस! एमेराँस!" शेवटी तेच म्हणावं लागे.

एक्क्याऐंशी साल येईपर्यंत आमचे दिवस उतरले होते. तरुण पोरांना इलेक्ट्रिक गिटारी हव्या होत्या. मोठे हॉल मिळेनात, म्हणून आमच्या मॅनेजरने मार्चमध्ये किनाऱ्याकिनाऱ्याने छोटे कार्यक्रम लावले. त्यात रविवारी दुपारी दोन वाजता लान्स-ओ-सांद्र. रोमुआल स्वतःच्या गावात कधी गायलाच नव्हता. सहासष्टच्या जानेवारीत आई गेली तेव्हा आम्ही रेल्वेने आलो होतो, चर्चमधला विधी झाला आणि त्याच गाडीने परतलो, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. त्यानंतर त्याने गावात पाय ठेवला नव्हता. आई त्याची एकटी राहायची. लोरेंझा तिचं नाव. झटका आला आणि स्वयंपाकघरात पडली. शेजारीण संध्याकाळी आली तेव्हा फोनचा रिसीव्हर दोरीला लोंबकळत होता. एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने त्यावर गाणं केलं नाही, ही एकच गोष्ट त्याने गाण्याबाहेर ठेवली होती.

हॉल म्हणजे चर्चशेजारची लाकडी इमारत. बायकांनी अंड्याच्या सँडविच आणि वाटाण्याचं सूप करून ठेवलं होतं. रोमुआलचा चुलतभाऊ ओनेझिम दारातच उभा होता, हाताला माशांचा वास आणि तोंडाला कुलूप नाही असा माणूस.

"या या, महाराज! पोट तर छान वाढवलंयस. आवाज पण तेवढाच वाढला असेल, नाही का?"

"तुझ्या बायकोला विचार, ती रेडिओ लावून बसते."

"ती हवामान ऐकायला लावते रे, तुला नाही!"

सगळे हसले. मग ओनेझिम रोमुआलच्या कानाशी आला, पण मोठ्यानेच बोलला. "एमेराँस येतेय हं. पहिलं तिकीट तिनंच नेलं."

रोमुआलचा चेहरा एकदम फुलला. "खरंच? अरे, मग तिला शेवटी स्टेजवरच बोलावू या. हात धरून उभी करतो शेजारी आणि म्हणतो गाणं. काय गं युगेत?"

मी म्हटलं, "आणि मी तिच्या कानाशी घंटी वाजवते."

हे मी म्हटलं होतं. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

पहिला भाग छान झाला. मध्यंतरात आम्ही स्टेजमागच्या खोलीत बसलो. तिथे नाताळचं सामान ठेवलेलं होतं, प्लास्टरचं गाढव, मेंढपाळ. दारावर टकटक झाली आणि एक बाई आत आली. पासष्टीची असेल. तपकिरी कोट, डोक्यावर हनुवटीखाली बांधलेली प्लास्टिकची टोपी, हातातली पर्स छातीशी धरलेली.

रोमुआल उठलाच. "मादमॉझेल एमेराँस! माझी नशीबदेवता!" आणि त्याने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"बस, रोमुआल," ती म्हणाली. "मला उभ्यानं बोलता यायचं नाही आणि तू उभा राहिलास तर मी बसणार कशी?"

तो बसला. ती गाढवाशेजारच्या खुर्चीवर बसली. मी बाहेर जायला निघाले तर म्हणाली, "राहा तुम्ही. कुणीतरी असलेलं बरं." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "मी तुझी माफी मागायला आलेय."

रोमुआल हसला. "माझी? अहो, माफी मी मागायला हवी. तुमची चेष्टा मी केली."

"केलीस. पण खोटं कुठे बोललास? ऐकायचेच मी. गावात सगळ्यांना माहीत होतं. ऐकायचे म्हणून तर डॉक्टर वेळेवर पोहोचायचा, ऐकायचे म्हणून होडी परतली नाही की बंदरावर कळायचं. इकडचं तिकडे मात्र एक अक्षर नाही केलं कधी. तुझी आई तर बहिणीशी बोलता बोलता मधेच विचारायची, 'एमेराँस, तुला काय वाटतं गं?' आणि मी सांगायचे, मला काय वाटतं ते."

तिने पर्सचं बक्कल उघडून पुन्हा लावलं.

"मग तुझं गाणं आलं. पहिला आठवडा मी पण हसले, खोटं कशाला सांगू. मग नोटरीसाहेबांनी बोलावलं. एक्स्चेंज त्यांचंच होतं ना. म्हणाले, 'पुन्हा कान लावलास तर घरी बसावं लागेल, लोक हसतात कंपनीला.' आणि पोरं सुरू झाली. रिंग करायची, मी 'नंबर?' विचारलं की काही बोलायची नाहीत. नुसता जोरजोरात श्वास घ्यायची, गाण्यातल्यासारखा. मग धृपद म्हणायची आणि ठेवून द्यायची. दिवसातून दहा-बारा वेळा. दोन वर्षं झाली तरी थांबली नाहीत."

बाहेर हॉलमध्ये कपबशांचा आवाज चालला होता. रोमुआल अजून हसऱ्याच चेहऱ्याने ऐकत होता, पुढे काही गमतीदार येणार असल्यासारखा.

"तेरा जानेवारी," ती म्हणाली. "दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. एक्स्चेंजच्या फळीवर तुमच्या तारेचं झाकण पडलं, म्हणजे तिथून कुणीतरी रिंग केली होती. एका तारेवर सात घरं होती तेव्हा, रिंग कुठल्या घरातून आली ते कळायचं नाही. तुमचं, आणि बेर्नाशेंचं, चार कार्टी असलेलं. वादळामुळे शाळेला सुट्टी होती. मी 'नंबर?' म्हटलं. उत्तर नाही. नुसता श्वास. घरघर, घरघर. मी म्हटलं, आली कार्टी. म्हटलं, 'म्हणा तुमचं गाणं एकदाचं आणि व्हा मोकळे.' आणि पिन ओढून फोन तोडला."

रोमुआलचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. मी बघितलं तेव्हा ते नव्हतं.

"नंतर आणखी एकदा पडलं झाकण. अर्धवट. मी लक्षच दिलं नाही. विणकाम घेतलं होतं हातात." तिचा आवाज अगदी सपाट होता, हे वाक्य तिचं मनात हजारदा म्हणून झालं असावं. "डॉक्टर म्हणाले तीनच्या सुमाराला गेली. म्हणजे जवळजवळ तास होता. डॉक्टरचं घर तुमच्यापासून चार मिनिटांवर. पूर्वीची मी असते तर श्वासावरून ओळखलं असतं, पोराचा की बाईचा. मला सगळ्यांचे श्वास ओळखू यायचे रे. पण मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. फादरना सांगितलं मी, कन्फेशनमध्ये. ते म्हणाले, मुलाला सांग. म्हटलं सांगते, येईल तेव्हा. तू आलाच नाहीस पंधरा वर्षं."

मी अकॉर्डियन मांडीवरून खाली ठेवायला गेले. पट्टा बांधायचा राहिला होता, भाता आपोआप उघडला आणि तो लांब उसासा निघाला. तिघांनीही तो ऐकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रोमुआल बोलला. "पोरं कुठलं गाणं म्हणायची?"

तिने त्याच्याकडे नवलाने बघितलं. "तुझंच की. दुसरं कुठलं?"

तिला खरोखर काही सुचवायचं नव्हतं. दोष द्यायला ती आलीच नव्हती. पंधरा वर्षं तिने तो सगळा भार एकटीने स्वतःवर घेतला होता आणि त्यातला थोडासुद्धा दुसऱ्या कुणाचा असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ते रोमुआलला कळलं, मलाही कळलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं आता हाही कोसळतो की काय.

हॉलमध्ये लोक पाय आपटू लागले. दुसरा भाग सुरू करायची वेळ झाली होती. एमेराँस उठली, टोपीची गाठ सारखी केली. "मी जाऊन बसते. तिसऱ्या रांगेत आहे. तू मला क्षमा कर असं मी म्हणत नाही, तुला जमेल तेव्हा बघ. फक्त कुणाला सांगू नकोस." आणि गेली.

"रोमुआल," मी म्हटलं.

"चल," तो म्हणाला.

दुसऱ्या भागात आम्ही पाच गाणी केली. कशी केली ते विचारू नका. बोटं आपोआप चालतात. तो एकदाही तिसऱ्या रांगेकडे बघत नव्हता आणि मी दुसरीकडे कुठेच बघत नव्हते. पाचवं गाणं संपलं आणि मागून ओनेझिमने सुरुवात केली, "कान काढ, एमेराँस..." अख्ख्या हॉलने उचलून धरलं. लोक प्रेमाने म्हणत होते, तिच्याकडे वळून हसत होते. ती मांडीवर पर्स ठेवून ताठ बसली होती. ती या क्षणासाठी तयारी करून आली होती हे मला दिसत होतं. गाणं होईल, चार मिनिटं जातील, आणि मग ती घरी जाईल.

रोमुआलने हात वर केला. लोक थांबले.

"हे गाणं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "आज नाही, यापुढे कुठेच नाही. कारण विचारू नका."

आधी हशा झाला, त्यांना वाटलं हीसुद्धा गंमतच. मग तो तसाच उभा राहिला आणि हशा विरला. आणि मग दीडशे माणसांच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. मध्यंतरात ती आत गेली होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. भर थंडीत कुणी अंगावरचा कोट ओढून घ्यावा, तशी ती दिसत होती.

"काय गं एमेराँस, रडून आलीस वाटतं त्याच्याकडे?" ओनेझिम ओरडला. दुसरा कुणीतरी म्हणाला, "अगं, अठरा वर्षांनी राग आला होय!"

ती उठली. खुर्च्यांमधून वाट काढत दाराकडे गेली. ती दाराशी पोहोचली तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हळूच ती चाल गुणगुणली. मुद्दाम नसेल. तोंडात बसलेली चाल.

रोमुआल शर्टावरच बाहेर धावला. मी त्याचा कोट घेऊन मागे. ती रस्त्याच्या कडेने बर्फ तुडवत भराभर चालली होती.

"मादमॉझेल एमेराँस! थांबा हो! मी तुमच्यासाठीच..."

ती गर्रकन वळली. "माझ्यासाठी? मला विचारलंस? तेव्हा नाव घातलंस, मला विचारलं नाहीस. आज काढलंस, मला विचारलं नाहीस. दोन्ही वेळा तुला जे बरं वाटलं ते केलंस, आणि दोन्ही वेळा गाव माझ्याकडे बघत राहिलं. म्हटलं असतंस तर चार मिनिटांत संपलं असतं सगळं. आता उद्यापासून दुकानात विचारतील, काय म्हणालीस गं त्याला? काय सांगू मी?"

त्याच्या शर्टावर बर्फ पडत होतं. मी कोट त्याच्या खांद्यावर टाकला तर तो त्याला कळलाही नाही.

"मी काय करू?" तो म्हणाला. "तुम्ही सांगाल ते करतो. ते गाणं... मादमॉझेल, ते गाणं नसतं तर तुम्ही ऐकलं असतं. पोरं नव्हे, मी होतो तो. मीच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, ही गोष्ट तिच्या डोक्यात त्या क्षणी पहिल्यांदा शिरली. तिचा हात तोंडावर गेला. "नाही रे," ती म्हणाली. "नाही, असं नको म्हणूस." आणि मग ती मटकन रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगावर बसली. आम्ही दोघांनी तिला उठवून घरी नेलं. दारात ती म्हणाली, "उद्या सकाळी ये. फावडं घेऊन ये."

सकाळी आम्ही तिघं कबरस्तानात गेलो. कमरेइतकं बर्फ. दगड सगळे खाली गाडलेले, फक्त मोठे क्रूस वर दिसत होते. रोमुआल फाटकाशी थांबला.

"कुठे?" त्याने विचारलं.

आई पुरली कुठे ते त्याला माहीत नव्हतं. जानेवारीत जमीन गोठलेली असते, पेटी दगडी खोलीत ठेवतात आणि मे महिन्यात पुरतात. मे महिन्यात आम्ही ब्रसेल्सला होतो. हार पाठवला होता.

"तिसरी ओळ, कुंपणापासून सातवी," एमेराँस म्हणाली. "आम्ही चौघं होतो त्या दिवशी. फादर, खणणारा, शेजारीण आणि मी. तुझा हार आला होता. कार्डावर तुझ्या रेकॉर्ड कंपनीचं नाव होतं, तुझं नव्हतं."

हे तिने टोचून म्हटलं नाही. घडलं तसं सांगितलं. रोमुआल खणू लागला. खणता खणता रडू लागला, मोठ्याने, भोकाड पसरून, स्टेजवर कधी रडला नव्हता तसा. तिने त्याला थांबवलं नाही. तो दमला तेव्हा फावडं त्याच्या हातातून घेतलं आणि थोडं तिने खणलं. दगड उघडा झाला. तिने हातमोजा काढून बोटांनी अक्षरांतलं बर्फ काढलं.

परतताना गाडीत ती माझ्या शेजारी होती. "ती घंटीची युक्ती कुणाची हो?" तिने विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

"हुबेहूब होती," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढचं थोडक्यात सांगते. ते गाणं रोमुआलने पुन्हा म्हटलं नाही, पण तेही तिला विचारून. विचारायला तो आठवड्याने पुन्हा तिच्याकडे गेला. ती म्हणाली, "तुझं तोंड, तू ठरव. पण कुणी विचारलं तर म्हण कंटाळा आला. माझं नाव नको." तसंच तो म्हणत राहिला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की बुजोलला गर्व झालाय, ज्या गाण्याने मोठा केला त्याचीच लाज वाटते. मॅनेजर सोडून गेला. हॉल आणखी लहान झाले, शाळांचे, वाचनालयांचे. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ओरडायचंच, "एमेराँस!" तो ओरडणं थांबेपर्यंत उभा राहायचा आणि पुढचं गाणं घ्यायचा. मीही उभी राहायचे. रेडिओवर मात्र ते वाजत राहिलं. रेकॉर्ड एकदा निघाली की ती गाणाऱ्याची राहत नाही.

गावच्या दुकानात एमेराँसला विचारलंच लोकांनी. तिने कुणाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. दर मार्चमध्ये तो तिच्याकडे जाऊन यायचा. ती त्याला सूप वाढायची आणि त्याच्या नव्या गाण्यांना नावं ठेवायची. "हे फार लांब आहे रे, मधलं कडवं कशाला?" म्हणायची, आणि तो खरंच ते काढून टाकायचा. क्षमेबद्दल त्या दोघांना पुन्हा बोलताना मी कधी ऐकलं नाही.

नव्वदमध्ये ती आजारी पडली तेव्हा मी भेटायला गेले होते. मी एकटीच. पलंगाशी बसले. ती म्हणाली, "युगेत, आम्ही दोघं गेलो की हे सांग कुणाला तरी. मी ऐकायचे तेही सांग, लपवू नकोस. पण सरळ सांग. चाल नको लावूस."